दोन पानं आणि सेहेचाळीस वर्षं

आजच्या बोलण्यात आम्ही एका पुस्तकाबद्दल सांगणार आहोत. पुस्तक कॅनडातलं आहे, इंग्रजीत आहे आणि आपल्यापैकी बहुतेकींच्या हाती ते कधी पडणार नाही. तरी सांगावंसं वाटलं, कारण ह्या पुस्तकातली दोन पानं लिहिणारीला न विचारता काढून टाकली होती. 1973 साली पुस्तक निघालं आणि ती दोन पानं जागेवर आली 2019 साली. मधली सेहेचाळीस वर्षं लोक ते पुस्तक वाचत होते, शाळा-कॉलेजांत शिकवत होते, पण त्यात काय नाही हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. लिहिणारीला तेवढं ठाऊक होतं.

तिचं नाव मारिया कॅम्पबेल. पुस्तकाचं नाव ‘हाफब्रीड’. मराठीत ह्या शब्दाचा नेमका अर्थ सांगायचा तर ‘अक्करमाशी’ हाच शब्द जवळचा. शरणकुमार लिंबाळे यांनी 1984 साली आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलं होतं. लोक ज्या शब्दाने तोंडावर अपमान करतात, तोच शब्द उचलून पुस्तकाच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात छापायचा. मारियाबाईंनी हे लिंबाळ्यांच्या अकरा वर्षं आधी, दुसऱ्या टोकाच्या देशात केलं होतं.

आता हे लोक कोण, ते आधी समजून घेऊ. कॅनडाच्या मधल्या भागात सपाट गवताळ प्रदेश आहे आणि त्याच्या वर उत्तरेला जंगलं आणि तळी. तिथे फार पूर्वीपासून क्री नावाचे लोक राहतात. ते स्वतःला नेहियाव म्हणतात. युरोपातून गोरे व्यापारी आले ते प्राण्यांच्या कातड्यांसाठी. त्यातल्या बऱ्याच जणांनी क्री आणि इतर जमातींच्या बायकांशी संसार केले. त्यांची जी प्रजा झाली तिला पुढे मेटी म्हणू लागले. मेटी लोकांची स्वतःची बोली झाली, फिडलवर वाजणारं संगीत झालं, मण्यांचं भरतकाम झालं. पण हाफब्रीड हे गोऱ्यांनी ठेवलेलं नाव काही सुटलं नाही.

ह्या लोकांची जमीन कशी गेली ते ऐकण्यासारखं आहे. सरकारने क्री लोकांशी करार केले आणि त्यांना ठरावीक राखीव जागा दिल्या. मेटी लोकांना करारात धरलं नाही. त्यांच्या हातात कागद दिले, की हा कागद दाखवा आणि जमीन घ्या. वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातातल्या कागदाचं पुढे काय होतं, ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दलालांनी ते कागद कवडीमोलाने घेतले. 1885 साली मेटी आणि काही क्री लोक सरकारविरुद्ध उठले. बतोश नावाच्या गावी लढाई झाली, ते हरले आणि त्यांचा पुढारी लुई रिएल याला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फाशी दिलं.

त्यानंतर ज्यांच्याकडे जमीन उरली नाही, ते राहायला गेले रस्त्याच्या कडेला. सरकारने जमीन मोजताना रस्त्यासाठी पट्टे सोडून ठेवले होते. दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांची शेतं आणि मधे ही सरकारी पट्टी. त्या पट्टीवर ह्यांनी लाकडाची घरं बांधली. म्हणून त्यांना रस्त्याच्या कडेचे लोक असंच म्हणायला लागले. आपल्याकडे अतिक्रमण म्हणतात, तसला प्रकार. फरक इतकाच, की ज्यांच्यावर अतिक्रमणाचा शिक्का बसला त्यांचीच ती भूमी होती.

मारियाबाईंचा जन्म 1940 सालचा, सस्कॅचवन प्रांतातला. वडील शिकारीवर आणि सापळे लावून घर चालवत. जवळच राष्ट्रीय उद्यान झालेलं, म्हणजे जंगल राखीव झालं. काल जी शिकार होती ती आज चोरी झाली. घरात सात-आठ लेकरं आणि चुलीवर मांस शिजलं की पोलीस येतील ही भीती. ही भीती लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

पुस्तकातलं आम्हांला सर्वात आवडलेलं माणूस म्हणजे मारियाबाईंची पणजी. तिला घरात चीचम म्हणत. ती 1885 च्या उठावातल्या सेनापतीची, गॅब्रिएल द्यूमाँची भाची. तिचा नवरा स्कॉटलंडचा गोरा, कंपनीच्या दुकानाचा कारभारी आणि बायकोला मारहाण करणारा. चीचम त्याच्याच घरात राहून त्याच्या दुकानातला दारूगोळा आणि बातम्या उठावकऱ्यांना पोचवायची. म्हातारपणी सरकारने पेन्शन देऊ केली तर तिने ती घेतली नाही. शंभरी ओलांडून, एकशे चार वर्षांची होऊन गेली.

चीचम पणतीला एक गोष्ट सांगायची, ती आमच्या शब्दांत सांगतो. सरकार तुम्हाला काहीतरी देतं आणि त्याच्या बदल्यात तुमची अब्रू, तुमचा ताठ कणा, सगळं काढून घेतं. सगळं काढून झालं की मग अंगावर घ्यायला एक घोंगडी देतं, लाज झाकायला. म्हातारीचं म्हणणं, एक ना एक दिवस लोक ही घोंगडी फेकून देतील. आम्ही गटाचं काम करतो, सरकारी योजनांचे फॉर्म आम्हीच भरून देतो. तेव्हा चीचमचं सगळंच आम्हांला पटलं असं नाही. रेशन हक्काचं आहे, पेन्शन हक्काची आहे, ती घ्यायलाच हवी. पण ऑफिसच्या खिडकीपाशी अर्ज देताना ज्या आवाजात आपल्याशी बोलतात, तो आवाज आठवला की म्हातारी कशाबद्दल बोलत होती ते कळतं.

शाळेतला एक प्रसंग पुस्तकात आहे. गोऱ्यांची मुलं डब्यात पावाचे तुकडे, उकडलेली अंडी, सफरचंदं आणायची. रस्त्याच्या कडेच्या मुलांच्या डब्यात चरबी लावलेली घरची जाडी भाकरी, नाहीतर थंड बटाटे, नाहीतर भाजलेली रानखार. मुलं हसायची. एकदा मारिया चिडून घरी आली आणि आईबापांना नको ते बोलली, तोच हाफब्रीड शब्द त्यांच्या तोंडावर मारला. चीचमने तिला बाहेर नेलं, बसवलं आणि आधी सांगितलं, की आपल्याच माणसांचा तिरस्कार करायला शिकवणं हेच त्या लोकांचं काम असतं. मग ओल्या फोकाने पाठ सोलून काढली. आम्ही मुलांना मारण्याच्या बाजूचे नाही. पण डब्याची लाज वाटणं म्हणजे काय, हे सांगणारी इतकी खरी पानं आम्ही क्वचित वाचली आहेत.

मारिया बारा वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. ती सर्वात थोरली. शाळा सुटली आणि धाकट्या भावंडांचं करायचं तिच्यावर आलं. बाप खचलेला. मुलं सरकारी खात्याने उचलून नेऊ नयेत, म्हणून तिने पंधराव्या वर्षी एका गोऱ्या माणसाशी लग्न केलं. घरात कमावता पुरुष दिसला तर मुलं आपल्याजवळ राहतील, असा हिशेब. नवरा दारुडा आणि मारकुटा निघाला. त्यानेच खात्याला खबर दिली आणि भावंडं नेऊन वेगवेगळ्या घरांत वाटली. ज्यासाठी लग्न केलं तेच गेलं.

पुढचं आम्ही थोडक्यात सांगतो. व्हँकुव्हर शहरात नवऱ्याने टाकलं. पोटासाठी अंग विकावं लागलं, अमली पदार्थांची सवय लागली, दवाखान्यात भरती व्हावं लागलं. तिथून ती उठली. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांना जायला लागली, तिथे तिला आपल्यासारखेच लोक भेटले आणि हळूहळू ती आदिवासींच्या हक्कांच्या चळवळीत आली. एडमंटन शहरात तिने घर सोडून आलेल्या, मार खाल्लेल्या बायकांसाठी निवारा उभा करायला हातभार लावला. हे सगळं ती पुस्तकात डोळ्यांत पाणी न आणता सांगते. आणि हसवतेही खूप. लग्नातले नाच, फिडल, पोलिसांपासून लपवलेली घरची दारू, एकमेकांची खेचाखेची करणारे काका-मामा. दुःखाचीच पोथी समजून कुणी वाचायला घेतलं तर तिला चुकल्यासारखं होईल.

पुस्तक लिहायचं असं ठरवून ती बसली नव्हती. पैशांची तंगी होती, पुन्हा जुन्या वाटेला जावं लागेल की काय अशी वेळ आली होती. तेव्हा तिने स्वतःलाच एक पत्र लिहायला घेतलं. ते वाढत गेलं, वाढत गेलं. त्याचं हस्तलिखित छापलेल्या पुस्तकाच्या कितीतरी पट मोठं होतं. मॅक्लेलंड अँड स्ट्युअर्ट ही कॅनडातली त्या काळची नावाजलेली प्रकाशन संस्था. तिने ते कापून, आवळून दोनशे पानांच्या आत आणलं आणि 1973 साली छापलं.

पुस्तक चाललं. भरपूर खपलं. सुरुवातीला बऱ्याच गोऱ्या वाचकांनी ते गरिबांची हालत सांगणारा कागद म्हणून वाचलं, जणू एखादा सर्व्हे. त्यातली लिहिण्याची हातोटी लोकांनी नंतर ओळखली. पण मेटी आणि क्री घरांतल्या मुलींसाठी गोष्ट वेगळी होती. आपल्यासारख्या बाईचं नाव पुस्तकावर असू शकतं, हेच त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. आज कॅनडात आदिवासी लेखिकांची मोठी रांग आहे. त्यात मिशेल गुड ह्या क्री लेखिका आहेत, ज्यांच्या निवासी शाळांवरच्या कादंबरीला 2020 सालचा देशाचा मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. ह्या रांगेच्या सुरुवातीला ‘हाफब्रीड’चं नाव घेतलं जातं.

आता त्या दोन पानांकडे येऊ.

मारिया चौदा वर्षांची होती. बाप घरी नव्हता. चोरीच्या शिकारीचं मांस आहे का ते बघायला पोलीस घरात आले. हे साधे गावचे पोलीस नव्हेत. तांबडा डगला, घोडा, रुंद टोपी असलेले राष्ट्रीय पोलीस, ज्यांची चित्रं त्या देशात अभिमानाने पोस्टकार्डांवर छापतात. त्यातल्या एकाने तिच्यावर बळजबरी केली. ते गेल्यावर आजीने तिला जवळ घेतलं आणि बजावलं, की बापाला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो त्यांना मारून टाकेल, मग त्याला फाशी होईल आणि तुम्ही पोरं अनाथाश्रमात जाल.

हे मारियाने लिहिलं होतं. ते पुस्तकात राहावं असं प्रकाशकाला सांगितलंही होतं. प्रकाशकाला भीती होती, की पोलीस कोर्टात जातील आणि पुस्तकावरच बंदी आणतील. म्हणून तेवढा मजकूर काढला. तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही. छापील प्रत हातात आल्यावर तिला कळलं. नंतरच्या मुलाखतींत ती हे सांगत राहिली, पण मूळ पानं हाती नव्हती. मग ॲलिक्स शील्ड ह्या संशोधक विद्यार्थिनीला ती ओंटारिओतल्या मॅकमास्टर विद्यापीठात, प्रकाशन संस्थेच्या जुन्या कागदपत्रांत सापडली. तिने आणि तिच्या प्राध्यापिका डिॲना रीडर यांनी मारियाबाईंची संमती घेऊन 2018 साली ते जाहीर केलं. देशभर बातम्या झाल्या. 2019 च्या नोव्हेंबरात त्याच संस्थेने दोन्ही पानांसह पुस्तक पुन्हा छापलं. तोवर मारियाबाई एकोणऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या.

त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडात एक मोठा सरकारी चौकशी अहवाल आला होता. बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी बायका-मुलींबद्दल. त्यात सुधारणेच्या 231 मागण्या होत्या आणि पोलिसांच्या वागण्यावर बरंच काही होतं. 1973 साली ती दोन पानं छापली असती तर काय झालं असतं, असं कुणीही विचारेल. उत्तर सांगता येणार नाही. पण पोलिसांच्या विरोधात एका बाईची लेखी साक्ष होती आणि ती साक्ष कपाटात होती, एवढं तर खरं.

आमच्या गटाच्या एका बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा पहिला प्रश्न प्रकाशकाबद्दल आला नाही. आजीबद्दल आला. आजीने पोरीला गप्प का बसवलं? दोन बायका तावातावाने आजीच्या विरोधात बोलल्या. मग एक म्हातारी म्हणाली, गप्प नसती बसली तर पोरीचा बाप गेला असता. तिने काय करायचं होतं? त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. आम्हांला वाटतं, आजीच्या आणि प्रकाशकाच्या गप्प बसवण्यात फरक आहे. आजीकडे दुसरा रस्ता नव्हता. तिच्यापुढे एका बाजूला नात आणि दुसऱ्या बाजूला अख्खं घर होतं. प्रकाशकाकडे वकील होते, पैसे होते आणि निदान लिहिणारीला पत्र पाठवायला एक पोस्टाचं तिकीट होतं. पुस्तक वाचवण्यासाठी केलं, असं तो म्हणू शकतो. मग विचारायचं तरी. तिने हो म्हटलं असतं की नाही, तो तिचा प्रश्न होता.

आपल्या गटाच्या प्रोसिडिंगच्या वहीचंही असंच असतं. बैठकीत एक बोललं जातं, वहीत दुसरंच उतरतं आणि खाली सगळ्यांचे अंगठे. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, हे आम्ही सांगत असतोच.

मारियाबाईंना स्वतःच्या गोष्टीसाठी आणखी एकदा भांडावं लागलं. लिंडा ग्रिफिथ्स नावाच्या गोऱ्या नटीबरोबर त्यांनी ‘जेसिका’ नावाचं नाटक केलं. 1982 साली सस्काटून शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला. आयुष्य मारियाबाईंचं, रंगमंचावर ते जगून दाखवणारी लिंडा. नाटक गाजलं, टोरोंटोला त्याला बक्षीस मिळालं. पण हे नाटक कुणाचं, कागदावर नाव कुणाचं आणि हक्क कुणाचा, ह्यावरून दोघींचं मोठं वाजलं. दोघींनी ते भांडणच पुढे पुस्तक करून 1989 साली छापलं. मैत्री, राग, संशय, सगळं त्यात आहे. शहरातून कुणी चांगल्या मनाने आपल्या गावी येतं, आपल्या बायकांच्या कहाण्या टिपून नेतं आणि पुढे त्याचं काय झालं ते आपल्याला कळत नाही, असं आमच्या भागातही घडलेलं आहे. त्या दोघी निदान समोरासमोर भांडल्या.

मारियाबाईंनी मुलांसाठीही लिहिलं. आग माणसांकडे कशी आली ह्याची एक गोष्ट त्यांनी 1977 साली लिहिली आणि आपल्या लोकांचा इतिहास मुलांना कळेल अशा सोप्या शब्दांत दोन पुस्तकांत मांडला. पण त्यांचं ‘हाफब्रीड’च्या खालोखाल मोलाचं काम आम्हांला 1995 सालचं वाटतं. रस्त्याच्या कडेच्या लोकांच्या गोष्टी, असंच त्याचं नाव. ह्या गोष्टी त्यांनी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून घेतल्या. खरं तर त्यांना म्हाताऱ्या बायकांकडून शिकायचं होतं, पण बायकांनी त्यांना म्हाताऱ्या पुरुषांकडे धाडलं.

गोष्टी त्यांच्या बोलीत होत्या. मारियाबाईंनी आधी त्या शुद्ध इंग्रजीत उतरवून पाहिल्या. जमेना. गोष्टी मेल्यासारख्या वाटायला लागल्या. मग त्यांनी आपल्या बापाच्या पिढीचं, गावातलं मोडकंतोडकं इंग्रजी घेतलं, ज्याला मास्तर चूक म्हणतील, आणि त्यातच सगळं लिहिलं. ज्या मुलीला शाळेत बोलण्यावरून आणि डब्यावरून चिडवलं होतं, तिने तीच बोली पुस्तकात आणली. गोष्टी फुकट घ्यायच्या नाहीत, हाही त्यांचा नेम. म्हाताऱ्यांची कामं करून, त्यांच्या हाताखाली राबून त्यांनी त्या गोष्टी मिळवल्या. शिवाय ब्लँकेटं दिली, तंबाखू दिली आणि आपला एक जीव की प्राण असलेला अरबी घोडाही देऊन टाकला.